लिफ्ट किटच्या आधी स्प्रिंगचं गणित

थार किंवा जिम्नी घेतली आणि पहिल्या पावसाळ्यात एखाद्या जांभ्याच्या चढावर चाक नुसतं गरगरलं, की लिफ्ट किटचा, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाचा, विषय निघतोच. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती इंच? कुणी दोन म्हणतं, कुणी तीन, व्हिडिओ बघून आलेला चारवर अडून बसतो. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. चारही चाकं जमिनीवर दाबून धरणं हे सस्पेन्शनचं पहिलं काम. गाडी उचलताना ते बिघडलं, तर गाडी दिसते दांडगी, पण आधी चढत होती तो चढही तिला चढवत नाही.

आधी उंचीचा हिशेब मिटवू. जिम्नीला पुढे-मागे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक आडवा दांडा) आहे, थारला फक्त मागे. सलग अॅक्सलच्या गाडीत दगडाला सर्वांत आधी लागतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, फुगीर गोळा, आणि हा गोळा स्प्रिंगच्या खाली असतो. स्प्रिंग कितीही लांब घातली तरी तो जागचा हलत नाही. कंपनीच्या आकड्यांनुसार थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आणि जिम्नीचा २१० मिमी. गोळ्याखालची जागा वाढवायचा सोपा मार्ग एकच आहे, मोठा टायर. २४५/७५ आर१६ हा थारचा टायर ७७४ मिमी व्यासाचा असतो, तर २६५/७५ आर१६ साधारण ८०४ मिमीचा. व्यास ३० मिमीने वाढला म्हणजे गोळा १५ मिमी वर गेला. वर स्पीडोमीटर जवळजवळ ४ टक्के कमी दाखवणार: काटा १००वर असेल तेव्हा गाडी १०४ने पळत असते.

मग लिफ्टने मिळतं काय? पोट वर जातं, आणि पुढचा-मागचा बंपर चढाला लागायचा कमी होतो. थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी आहे. गाडी ५० मिमी उचलली की पोटाखालचा कोन साधारण चार-साडेचार अंशांनी वाढतो. बांधावर पोट टेकून गाडी अडकत असेल तर हा फायदा खरा आहे. मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते, हा दुसरा. इथे यादी संपली.

आता स्प्रिंग. गुंडाळीची स्प्रिंग दाबली की तिची तार वाकत नाही, ओलं धोतर पिळावं तशी पिळली जाते. स्प्रिंगचा सगळा कडकपणा या पिळाला होणाऱ्या विरोधातून येतो, आणि तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ मिमीच्या जागी १५ मिमी तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा ३२ टक्क्यांनी वाढतो. वेटोळ्यांची संख्या उलट्या प्रमाणात चालते: आठ वेटोळ्यांतलं एक कापून टाकलं की स्प्रिंग १४ टक्के कडक झाली. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापणाऱ्यांच्या गाड्या दणके देतात त्या यामुळेच.

एक उदाहरण घेऊ. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन ४०० किलो आहे, आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन. म्हणजे चाक १ मिमी वर ढकलायला २५ न्यूटन लागतात. नुसत्या उभ्या गाडीच्या वजनाने ही स्प्रिंग १५७ मिमी दबलेली असणार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. गाडी या स्प्रिंगवर किती वेगाने वर-खाली होईल हेही त्यातूनच निघतं: सेकंदाला १.२६ वेळा, म्हणजे १.२६ हर्ट्झ. एक ते दीड हर्ट्झच्या आसपासचं झुलणं माणसाला सोसतं. ४ ते ८ हर्ट्झचे हादरे मात्र थेट पोटात आणि पाठीच्या मणक्यात बसतात.

आता याच गाडीत 'हेवी ड्यूटी' म्हणून ४० टक्के कडक स्प्रिंग घातली. कडकपणा ३५ झाला, तेच वजन आता तिला ११२ मिमीच दाबतं, आणि गाडी ४५ मिमी वर येते. मालक खूश, कारण जवळजवळ दोन इंच लिफ्ट मिळाला. पण स्प्रिंग लांब झालेली नाही, ती फक्त कमी दबली आहे. पावसाने खोल झालेल्या चाकोरीत एक चाक १०० मिमी खाली गेलं आणि गाडीचा सांगाडा आहे त्या जागी राहिला असं धरू. मूळ स्प्रिंग त्या चाकाला अजून १४२४ न्यूटनने, म्हणजे १४५ किलोच्या भाराने जमिनीवर दाबत असते. कडक स्प्रिंगचा जोर उरतो ४२४ न्यूटन, जेमतेम ४३ किलो. चाकाचं स्वतःचं वजन दोन्हीकडे सारखंच, ते सोडा. ज्या चाकाला पकड हवी होती, त्याच्यावरचा स्प्रिंगचा दाब एक तृतीयांशाहून खाली आला. साधं डिफरन्शियल सर्वांत कमी पकड असलेल्या चाकाच्या हिशेबानेच दोन्हीकडे ताकद देतं, त्यामुळे ते चाक फिरत राहतं आणि गाडी हलत नाही. थारच्या काही मॉडेलांत मागचं डिफरन्शियल आपोआप लॉक होतं, जिम्नी फिरत्या चाकाला ब्रेक लावून तेच साधते. पण हे सगळं चाक उचललं गेल्यानंतरचं आहे. चाक उचलूच न देणं स्प्रिंगच्या हातात असतं.

म्हणून स्प्रिंग निवडायची ती वजन करून. गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला. कुटुंब, सामान, टाकीभर इंधन, सगळं नेहमीसारखं असू द्या. मग काय बसवायचं आहे ते धरा. समजा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) मिळून ९० किलो, पुढच्या अॅक्सलच्या ६०० मिमी पुढे. तरफेच्या नियमाने पुढच्या अॅक्सलवर ९० नाही, ११२ किलो पडतात आणि मागच्या अॅक्सलवरून २२ किलो उतरतात. एका चाकाला ५६ किलो. मूळ स्प्रिंग त्याने २२ मिमी बसते. पूर्वीची झुलण्याची गती परत हवी असेल तर कडकपणा वाढवायचा तो १४ टक्के, म्हणजे २५ वरून २८.५. बाजारात यालाही सर्रास ४० टक्क्यांची स्प्रिंग देतात. बंपर-विंच नसताना तीच घातली तर वरचं गणित लागू होतं. विंचला पोलादी तारेऐवजी सिंथेटिक दोर लावला तरी काही किलो वाचतात, आणि ते नेमके गाडीच्या नाकावरचे.

स्पेसरचं गणित वेगळं. मागच्या सलग अॅक्सलवर स्प्रिंगखाली ५० मिमीची चकती घातली तर कडकपणा बदलत नाही, गाडी ५० मिमी वर येते. पण शॉकअप तेवढ्याच लांबीचा असतो. आधी चाक जिथवर खाली लटकायचं त्यातले ५० मिमी गेले. म्हणून चकतीबरोबर लांब शॉकअप हवाच. आणि लांब शॉकअप पूर्ण दबल्यावर बंप स्टॉपच्या (चाकाचं वर येणं थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी तळाला लागणार नाही ना, हे स्प्रिंग काढून, अॅक्सल जॅकने वर नेऊन पाहावंच लागतं. तळाला लागत असेल तर बंप स्टॉप तेवढा खाली आणायचा. हे न पाहता बसवलेला शॉकअप पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आतून फुटतो.

थारच्या पुढच्या बाजूला डबल विशबोन आहे: प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर स्वतंत्र हलतं. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप चाकापासून आत, खालच्या आर्मवर बसतात. चाक १०० मिमी हललं तर स्प्रिंग समजा ६० मिमीच हलते. त्यामुळे वरच्या माउंटवर २५ मिमीचा स्पेसर घातला की गाडी ४२ मिमी उचलते. एक इंच म्हणून घेतलेल्या तुकड्याने पावणेदोन इंचांचा बदल होतो, आणि तो सोसावा लागतो आर्म आणि चाक जोडणाऱ्या बॉल जॉइंटला आणि चाकाला ताकद पोचवणाऱ्या हाफ शाफ्टला. ३५० मिमीचा हाफ शाफ्ट ५० मिमी खाली गेला तर त्याचा कोन ८ अंशांनी वाढतो. आतल्या जॉइंटचं रबर बूट सतत ताणलेलं राहतं, फाटतं, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. म्हणून पुढून स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला मी ४० ते ५० मिमीच्या पुढे जाऊ नका म्हणेन, आणि तिथवर जाताना वरचा आर्म बदललेला बरा. जुन्या वळणाचा आर्म पूर्ण खाली आला की स्प्रिंगला घासू लागतो, आणि अलाइनमेंटही मिळत नाही.

जिम्नीसारख्या गाडीला बूट फाटण्याची ही भीती नाही, तिचं दुखणं निराळं आहे. पुढचा अॅक्सल लांब आर्मवर टांगलेला असतो. ८०० मिमीचा आर्म ५० मिमी कलला की अॅक्सल साडेतीन अंशांनी फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगने चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) तेवढाच घटतो. कॅस्टर गेला की वळणावरून सुटलेलं स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भटकते. त्यासाठी ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले रबरी बुश) किंवा वेगळे आर्म लागतात. अॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉडही कलतो. ९०० मिमीचा रॉड आधीच १०० मिमी उतरता असेल तर ५० मिमी लिफ्टने अॅक्सल एका बाजूला ७ मिमी सरकतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घ्यायचा.

शॉकअप स्प्रिंगला जुळलेला असावा लागतो. एकदा दबलेली गाडी उलट बाजूला किती उसळेल हे स्प्रिंगच्या आणि शॉकअपच्या जोराच्या प्रमाणावर ठरतं. चांगल्या अवस्थेत ती उसळी, समजा, मूळ धक्क्याच्या ३७ टक्के असेल. शॉकअप तोच ठेवून स्प्रिंग ४० टक्के कडक केली की उसळी ४४ टक्क्यांवर जाते. गाडी कडकही होते आणि डचमळतेही. दगडांच्या हळू वाटेला फोम सेलचा ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप मला अधिक भरवशाचा वाटतो: बाहेरच्या नळीला दगडाने पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. नायट्रोजन भरलेला, एकाच नळीचा मोनोट्यूब उष्णता लवकर सोडतो, त्यामुळे लांबच्या खडबडीत रस्त्यावर सतत वेगाने जाणाऱ्याला तो बरा. पण त्याला एक खोल पोचा आला की पिस्टन अडकतो.

उंचीची किंमत घाटात कळते. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला, तर गाडी ४७ अंश कलल्यावर उलटायला येते. ५० मिमी लिफ्टने गुरुत्वमध्य साधारण ४० मिमी वर जातो आणि तो कोन ४५.४ अंशांवर येतो. १८०० किलोच्या गाडीच्या टपावर ६० किलो सामान बांधलं तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. लिफ्ट आणि भरलेला कॅरिअर दोन्ही असतील तर आंबोली घाटातल्या वळणांवर वेग खाली आणावाच लागेल. टायर आधी, हवा १८-२० पीएसआयवर उतरवून चिखलात जाणं आधी, बाकी खर्च नंतर, असं मी म्हणतो ते म्हणूनच. हवा उतरवली की टायर पसरतो आणि त्याला लागतो फक्त एक छोटा कंप्रेसर. डांबरावर येताच हवा परत भरायची.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळा बदल करता येत नाही. अपघातानंतर विम्याचा दावा इथेच अडू शकतो. काही बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा. दुसरं, नव्या किटची पूजा करून टायरखाली लिंबू चिरडतात, बंपरला काळी बाहुली बांधतात. त्याने बोल्ट घट्ट होत नाही. लिफ्टनंतरच्या बिघाडांत सैल राहिलेला बोल्ट बऱ्याचदा सापडतो, आणि टॉर्क पान्याने आवळून प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढायला पंधरा मिनिटं पुरतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.

बसवताना एक चूक फार होते. आर्मचे रबर बुश आतल्या नळीला चिकटवलेले असतात. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना बोल्ट आवळले, की गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून सोडायची, मग शेवटचा टॉर्क द्यायचा. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर चारही चाकांचं हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. चाकं पूर्ण लटकवून ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलचा श्वासनळीचा पाइप ताणले जात नाहीत ना, ते बघा. मग अलाइनमेंट. ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग थोड्या बसतात, तेव्हा सगळे बोल्ट आणि अलाइनमेंट पुन्हा.

त्याच दिवशी हेडलाइट खाली घ्या. पुढचा भाग मागच्यापेक्षा नुसता ४० मिमी जास्त उचलला गेला, तरी ५० मीटरवर दिव्यांचा झोत ८० सेंटिमीटर वर जातो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर पडतो.