वारीची शिस्त कुठून आली?

माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला गेलेला असतो. चोपदार चोप, म्हणजे हातातला मानाचा दंड, उंच धरतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, म्हणजे कोणी क्रम मोडून पुढे घुसलं किंवा पाणी मिळालं नाही, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, तोडगा निघतो, मग तेही टाळ शांत होतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारायच्या, उद्या निघायची वेळ सांगायची आणि मग आरती.

ही घडी ज्ञानदेवांच्या काळची नाही. त्यांची समाधी 1296 सालची, आणि पंढरीची वाट त्याही आधीपासून लोक चालत होते. आजची शिस्तबद्ध पालखी मात्र एकोणिसाव्या शतकात बसवली गेली. मधल्या पाच-सव्वापाचशे वर्षांत या पंथाने एक प्रश्न वेगवेगळ्या जागी सोडवला: देव आणि भक्त यांच्यामध्ये कोण उभं राहणार?

सुरुवातीचं उत्तर सरळ होतं. नाम घ्यायला मध्यस्थ लागत नाही. ना मुहूर्त, ना दक्षिणा, ना जातीचा दाखला. अडायचं ते देवळाच्या दारात. चोखामेळा महाराला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून 1338 साली तो गेला. त्याची समाधी पंढरपुरात आहे, पण महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाबाहेरच. नामाला अट नव्हती, दर्शनाला होती.

तुकोबांच्या बाबतीत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य त्यांना स्वप्नात भेटले आणि ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र देऊन गेले, असं तुकोबा स्वतःच सांगतात. मठ नाही, गादी नाही, दीक्षेचा कागद नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांना नेमकं हेच खटकलं: शूद्राने वेदार्थ सांगायचा अधिकार कुठून आणला? अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पुढे हेच रामेश्वर भट तुकोबांचे झाले आणि त्यांनी त्यांची आरती रचली.

संघटना आली ती तुकोबांनंतर, आणि घरातूनच आली. त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीला ज्ञानोबांच्या पादुका त्याच पालखीत ठेवत आणि दोघे मिळून पंढरीला जात. ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा गजर तिथला. घराण्याकडे मान आला की हक्क येतात आणि हक्कांमागोमाग वाद येतात. 1830च्या सुमारास देहूकरांमध्ये पालखीच्या सेवेवरून तंटे वाढले आणि जोडपालखी मोडली.

इथे हैबतबाबा आरफळकरांचं काम सुरू होतं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले. भक्ती त्यांच्याकडे होतीच, पण लष्करातून ते रांग, क्रम आणि तळ लावायची रीतही घेऊन आले. त्यांनी माउलींची पालखी वेगळी केली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू, नैवेद्याची व्यवस्था दिली. घोडे आजही तिथूनच येतात: एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, कारण तो माउलींचा. रथापुढे 27 मानाच्या दिंड्या, बाकीच्या मागे, आणि जागा ठरलेली. दिंडीतही पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंगी आणि वीणेकरी, मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका. अभंग धरायचा तो वीणेकऱ्याने. सकाळी काकड्याचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाराचे अभंग, दुपारनंतर हरिपाठ. पाठांतर नसलेला माणूसही मागच्याचं ऐकून दोन वर्षांत सामील होतो. अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या गर्दीचं नियमन एवढ्यावर होतं.

व्यक्तीची बाजू माळेपाशी राहिली. तुळशीची 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि फडकऱ्याच्या (फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतला वारकऱ्यांचा गट, फडकरी त्याचा प्रमुख) किंवा एखाद्या जुन्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात घालून घ्यायची. अटी मोजक्या: मांस-मद्य बंद, एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातून पंढरीची वारी. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत माळकरी अन्नपाणी घेत नाही. हे पाळलं की नाही हे तपासायला कोणी येत नाही. ज्याचं त्याने बघायचं.

फडांमुळे कीर्तनाची परंपरा टिकली, पण शिकायचं तर फडाच्या आश्रयाला जावं लागे. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा हे बदललं. चार वर्षांचा अभ्यास, मुलांनी माधुकरी मागून राहायचं, आणि कीर्तनाचा पैसा घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम आज किती कीर्तनकार पाळतात, ते मंडपाबाहेरच्या फलकांचा थाट बघून ज्याने त्याने ठरवावं.

आणि जात? पंथ सर्वांना खुला असला तरी दिंड्या बऱ्याचशा जातवार होत्या, पंगती वेगळ्या होत्या, हे विसाव्या शतकातही चालू होतं. वाटेवर सगळे ‘माउली’, जेवताना मात्र ओळखी आठवायच्या. देऊळ तर बंदच होतं. साने गुरुजी 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि 10 मे रोजी ते सुटलं, मंदिर अस्पृश्यांना खुलं करायचं ठरल्यावर. चोखोबाला सहाशे वर्षं झाली होती.

राहिला पुजाऱ्यांचा प्रश्न. देवापुढच्या उत्पन्नावर बडव्यांचा वंशपरंपरागत हक्क, रुक्मिणीकडे उत्पातांचा. यात्रेकरूंची लूट होते ही तक्रार जुनी होती. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर 1973 साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला आणि हे हक्क रद्द ठरले. प्रकरण कोर्टात चाळीस वर्षं चाललं. 15 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी मंदिर समितीने महिला आणि ब्राह्मणेतर पुजारीही नेमले. बडव्यांच्या जागी सरकारी समिती आली, म्हणजे मध्यस्थ गेला असं नाही, तो फक्त नेमणुकीचा झाला.

वारकऱ्याचा हिशेब तसाही वेगळा आहे. आषाढीला पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची असते. बरेच जण चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि एस.टी. पकडतात. त्यांची वारी पुरी झालेली असते. दर्शनबारीत उभं राहिलेल्यांमधून एक जोडपं एकादशीच्या पहाटे मानाचे वारकरी म्हणून मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेला बसतं. ते कोण असणार हे घराणं ठरवत नाही, त्या वेळी रांगेत पुढे कोण आहे यावर ठरतं. त्यांना एस.टी.चा वर्षभराचा मोफत पास मिळतो.