चूक समोरच्याची, मग क्लेम कुणाच्या पॉलिसीवर?

आपली गाडी सिग्नलला उभी आहे आणि मागून कुणी येऊन धडकलं, तर खर्च त्याच्या विमा कंपनीने द्यावा असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे व्यवहार तसा चालत नाही. समोरच्याच्या विमा कंपनीला फोन करून "तुमच्या ग्राहकाने ठोकलंय, दुरुस्ती करून द्या" असं सांगून काम होत नाही. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावावा लागतो. म्हणून नुसती गाडी आपटली असेल, कुणाला लागलं नसेल, तर बहुतेक जण स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करतात. बऱ्याचदा तेच सोयीचं पडतं, पण दर वेळी नाही. कधी क्लेम करावा, कधी खिशातून भरावं आणि कधी कोर्टात जावं, यासाठी हे पत्रक आहे. आम्ही कोल्हापुरात गाडी बघून दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज (एस्टिमेट) आणि क्लेमचा हिशेब मांडून देतो.

रस्त्यावर असताना

कुणी जखमी असेल तर आधी १०८ किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही नंबर चालतो. बाकी सगळं त्यानंतर.

गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा. नुसता चेपलेल्या बंपरचा फोटो पुरत नाही. दोन्ही गाड्या आणि दोन्ही नंबर प्लेट एकाच फोटोत येतील असा एक, रस्ता आणि लेन दिसेल असा लांबून एक, काचांचा चुरा आणि ब्रेकच्या खुणांचा एक, आणि मग जवळून. कोल्हापूरजवळ तावडे हॉटेल किंवा उजळाईवाडीच्या पट्ट्यात महामार्गावर उभं राहून वाद घालू नका. फोटो झाले की गाडी कडेला घ्या. मागून येणाऱ्या ट्रकला तुमचं भांडण दिसत नाही.

समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो घ्या. तो देत नसेल तर नुसता गाडीचा नंबर पुरतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि विमा कधीपर्यंत चालू आहे ते दिसतं.

ऊस हंगामातली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. लोक ट्रॅक्टरचा नंबर टिपतात आणि ट्रॉलीचा विसरतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, म्हणून तिचाही नंबर घ्या. नंबर नसेल तर नंबर नसलेल्या ट्रॉलीचाच फोटो घ्या. रात्री विनारिफ्लेक्टर, विनादिव्याच्या ट्रॉलीवर तुम्ही मागून आदळलात, तर वरवर चूक तुमचीच दिसते. दिवा आणि रिफ्लेक्टर नसल्याचा फोटो असेल तरच पुढे जबाबदारी वाटून घेण्याचा मुद्दा उभा राहतो. सकाळी ट्रॉली कारखान्याच्या यार्डात गेलेली असते, आणि तेव्हा पुरावा शोधून सापडत नाही.

उभ्या गाडीला कुणी ठोकून गेलं असेल तर आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा. डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) जुनं पुसून नवं भरत राहतो.

"मिटवूया की, पोलिसात कशाला?"

मिटवायला हरकत नाही, फक्त रक्कम रस्त्यावर ठरवू नका. आजकालचे बंपर प्लास्टिकचे असतात. धक्का बसला की आत जातात आणि परत फुगून जागेवर येतात. बाहेर एक ओरखडा दिसतो, आत बंपरमागचा लोखंडी बीम वाकलेला असतो, सेन्सरची वायरिंग तुटलेली असते, डिकीच्या तळाच्या पत्र्याला घडी पडलेली असते. डिकी बंद करून दोन्ही बाजूंची फट बघा. एकीकडे बोट जातं आणि दुसरीकडे जात नाही, तर मार आतपर्यंत गेला आहे. हजार-दोन हजारांत मिटवलेल्या प्रकरणात बंपर उतरवल्यावर निघणारा खर्च तुमच्याच गळ्यात पडतो. आधी एस्टिमेट करून घ्या. पैसे यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद राहते. आणि पैसे हातात येईपर्यंत "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका.

पोलिसांत नोंद

नुसतं आपल्या गाडीचं नुकसान असेल तर विमा कंपन्या प्रत्येक वेळी एफआयआर मागतातच असं नाही. पण कुणी जखमी असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल किंवा पुढे समोरच्याकडून वसूल करायचा विचार असेल, तर नोंद आणि पंचनामा हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अशा अपघाताची माहिती चालकाने पोलिसांना शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत द्यायची असते. चूक कुणाची हे तिथे बघितलं जात नाही. ज्या हद्दीत अपघात झाला, ते ठाणं: शहरात शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी किंवा जुना राजवाडा, महामार्गावर शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव किंवा कागल. कागलच्या पुढे कोगनोळीला पोचलात की हद्द कर्नाटकची. तिथली कागदपत्रं कन्नडमध्ये मिळतात, त्यामुळे कोर्टासाठी भाषांतराची सोय धरून चला.

गाडी चालू करण्याआधी

पुढून मार असेल तर बोनेटखाली बघा. खाली हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकत असेल तर रेडिएटर फुटला आहे. "पाच किलोमीटरच तर जायचंय" म्हणून चालवली आणि इंजिन तापून जाम झालं, तर ते नुकसान अपघाताचं धरलं जात नाही, अपघातानंतरच्या हलगर्जीपणाचं धरलं जातं. कंपनी रेडिएटरचे पैसे देते आणि इंजिनचे नाकारते. गाडी टोईंगनेच आणा. साध्या पॉलिसीत खासगी कारच्या टोईंगला १,५०० रुपयांची मर्यादा असते. रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यावर मदत मिळण्याची सोय) घेतलेला असेल तर तोच नंबर आधी लावा.

गाडी धुऊ नका. समोरच्या गाडीचा जो रंग तुमच्या पत्र्याला लागलेला असतो तो सर्व्हेअरच्या (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाच्या) दृष्टीने पुरावा असतो.

क्लेम करावा की नाही: आकडे मांडून बघा

स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला की चूक कुणाचीही असो, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) पुढच्या नूतनीकरणाला शून्य होतो. हे ग्राहकांना सगळ्यात जास्त बोचतं, आणि बोचायलाच हवं. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा आहेत, आणि तो फक्त ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर) नाही.

समजा गाडीला चार वर्षं होऊन गेली आहेत, इंजिन १५०० सीसीच्या आतलं आहे, ५० टक्के बोनस लागू आहे आणि बोनस धरायच्या आधीचा ओन डॅमेज प्रीमियम ९,००० रुपये आहे. म्हणजे आज तुम्ही ४,५०० भरता. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ९,०००, मग ७,२००, ६,७५०, ५,८५०, ४,९५०, आणि सहाव्या वर्षी परत ४,५००. जादा भरलेले पैसे मिळवले तर ११,२५० होतात. गाडीची किंमत दर वर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी भरतात, पण अंदाजाला हे चालतं.

आता बिल बघू. बंपर ६,०००, पेंटिंग ४,५००, मजुरी १,५००, एकूण १२,००० (जीएसटी सोडून, हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत). साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याची कपात) कापतात, म्हणजे बंपरचे ३,००० मिळतात. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे सुमारे ३,९३७ मिळतात. मजुरी पूर्ण. बेरीज ८,४३७. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम (त्यावरच्या कारला २,०००). हातात येतात ७,४३७ रुपये, आणि त्यासाठी जातात जवळपास ११,०००. इथे क्लेम करू नका. समोरच्याकडून जमेल तेवढं घ्या आणि बिल स्वतः भरा.

हाच मार डिकीपर्यंत गेला असेल तर गणित उलटतं. डिकीचं दार १४,०००, चार ते पाच वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टवर ३५ टक्के घसारा, म्हणजे ९,१०० मिळतात. काचेवर घसारा नाही, पूर्ण मिळते. अशा वेळी बिनधास्त क्लेम करा.

लोखंडी पार्टचा घसारा असा चढतो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, आणि त्यापुढे ५०. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा संरक्षण) घेतलेलं असेल तर घसाऱ्याची कटकट नाही, सक्तीची वजावट मात्र तरीही जाते. बोनस वाचवणारं ॲड-ऑन तुमच्या पॉलिसीत आहे का, ते आधी बघा. पुष्कळ जणांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि त्यांना ते माहीत नसतं.

सर्व्हेअर यायच्या आधी गाडी उघडू नका

क्लेम नोंदवला की कंपनी सर्व्हेअर नेमते. तो बघेपर्यंत बंपरचा एक स्क्रूही काढू नका. आतलं नुकसान उघडल्यावर निघालं तर पूरक एस्टिमेट देता येतं, पण ते पार्ट बदलण्याआधी दाखवलेलं असलं पाहिजे. बदललेले जुने पार्ट फेकू नका, काम झाल्यावर तो ते परत बघायला मागू शकतो.

क्लेम फॉर्मवर जे घडलं तेच लिहा. मारखुणेची उंची, दिशा आणि लागलेला रंग तुमच्या वर्णनाशी जुळतो का, ते सर्व्हेअर तपासतो. लायसन्स संपलेला भाचा गाडी चालवत होता म्हणून फॉर्मवर मामाचं नाव टाकलं, तर सबंध क्लेम जातो. तो कुणीही वाचवू शकत नाही, आम्हीही नाही.

दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस (दुरुस्त करण्यापलीकडे गेलेली) धरतात. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, उरलेले तुम्हाला.

समोरच्याकडून वसूल करायचं असेल तर

तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या कंपनीकडून गाडीचे पैसे मिळत नाहीत. मग समोरच्या गाडीचा मालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी यांच्याविरुद्ध न्यायाधिकरणात दावा हाच रस्ता. कोल्हापूरचं न्यायसंकुल कसबा बावड्यात आहे. अपघात साताऱ्यात किंवा निपाणीजवळ झाला असला तरी तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो, ही सोय कायद्यात आहे. मुदत अपघातापासून सहा महिने, तेव्हा "बघू पुढे" करू नका.

दुरुस्तीआधी परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वखर्चाने अहवाल करून घ्या. बिलं पक्की हवीत, कोऱ्या कागदावरची नाहीत. समोर कार किंवा ट्रक असेल तर त्याची विमा कंपनी मालमत्तेच्या नुकसानीपोटी देते त्याची मर्यादा सहसा साडेसात लाख, दुचाकी असेल तर एक लाख. काही मालक प्रीमियम वाचवायला ती ६,००० वर आणून ठेवतात. मग वरची रक्कम मालकाच्या खिशातूनच वसूल करावी लागते, आणि ते किती जमेल ते तुम्ही जाणताच.

स्वतःच्या पॉलिसीवर पैसे घेऊन तीच रक्कम परत समोरच्याकडून घेता येत नाही. तुम्हाला दिलेल्या रकमेपुरता वसुलीचा हक्क तुमच्या कंपनीकडे जातो. "मग कंपनी वसूल करून माझा बोनस परत देईल का?" असा प्रश्न नेहमी येतो. नाही. बहुतेक कंपन्यांचा आपसात असा करार असतो की जो तो आपापल्या ग्राहकाचं नुकसान सोसतो.

कुणाला लागलं असेल तर

इथे आमचं काम संपतं आणि वकिलाचं सुरू होतं. दोनच गोष्टी: सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो वा खासगी दवाखाना, केसपेपरवर 'वाहन अपघात' अशी नोंद करून घ्या, आणि औषधाची प्रत्येक पावती ठेवा. समोरचा पळून गेला आणि गाडी सापडली नाही तरी सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा कापला

कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर थांबू नका. आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

आमच्याकडे येताना

आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, चालू पॉलिसी आणि गेल्या वर्षीची पॉलिसी (बोनस तपासायला), आधार, पॅन, रद्द केलेला चेक, मोबाइलमधले जागेवरचे फोटो, आणि पोलिस नोंद असेल तर तिची प्रत. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधे पाठवले तर दर्जा उतरतो आणि तारीख-वेळेची माहिती निघून जाते. एस्टिमेट आणि वरचा क्लेमचा हिशेब आम्ही गाडी बघून तिथेच मांडून देतो. क्लेम न करणं फायद्याचं असेल तर तसं सांगतो.