बुश यांनी बंदी घातलीच नव्हती

अमेरिकेत २००१ साली अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी भ्रूण स्टेम सेल (काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून काढलेल्या, शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी; त्या काढताना भ्रूण नष्ट होतो, म्हणूनच धार्मिक विरोध) संशोधनावर बंदी घातली, हे इतक्यांदा छापून आलंय की खरंच वाटतं. बंदी नव्हती. ९ ऑगस्ट २००१ च्या धोरणाने हात आखडला तो फक्त केंद्र सरकारच्या पैशाचा: त्या तारखेआधी तयार झालेल्या पेशींच्या वाणांवरच (एका भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी म्हणजे एक वाण) तो खर्चता येणार होता. खासगी पैसा मोकळा होता, राज्यांचाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर २००४ मध्ये या संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरच्या रोख्यांना कौल दिला. झळ बसलीच नाही असं मात्र नाही. वापरण्याजोगे वाण जेमतेम वीसेक निघाले. ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ ही वाटणीही फसवीच. गर्भपाताचे विरोधक, मॉर्मन पंथाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच या संशोधनाच्या बाजूने उभे होते. तारखेची ती अट २००९ मध्ये ओबामांनी काढली.