दिल्ली–टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दिल्ली ते टोकियो हे अंतर सुमारे ५,८४० किलोमीटर आहे. गोलावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची, म्हणजे बृहद्‌वृत्ताची, ही लांबी. बोइंग ७८७ साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला तर साडेसहा तास येतात. प्रत्यक्षात जाताना पावणेआठ तासांच्या आसपास लागतात आणि परतताना साडेनऊ.

पहिला फरक वाटेचा. दिल्लीहून निघालेले बृहद्‌वृत्त ईशान्येकडे वळते, हिमालय ओलांडते आणि थेट तिबेटच्या पठारावरून जाते. प्रवासी विमाने हा भाग शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते २२ मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर, म्हणजे जवळपास १५,००० फूट आहे. तिथे खाली यायला जागाच नाही! पठारावरून जाणारे हवाई मार्ग आहेत, पण त्यांच्यासाठी विमानात जादा ऑक्सिजन आणि सुटकेच्या वाटांची आधीच केलेली आखणी लागते. म्हणून टोकियोची विमाने सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात. कोलकाता, कुनमिंग, शांघाय असे टप्पे धरून बेरीज केली तर अंतर ६,५०० किलोमीटर भरते.

दुसरा फरक वाऱ्याचा, आणि जाण्या-येण्याच्या वेळेतली तफावत मुख्यतः त्याचीच. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी २०० ते ३०० किलोमीटरपर्यंत जातो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ मध्ये निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. ते जगात फार थोड्यांनी वाचले, हे दुर्दैवच.

संपूर्ण वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरू. जाताना जमिनीच्या संदर्भातला वेग १,००० होतो आणि ६,५०० किलोमीटरला साडेसहा तास लागतात. येताना वेग ८०० उरतो आणि आठ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. जाताना वाचलेला वेळ येताना गेलेल्या वेळेची भरपाई करत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. या उदाहरणात फेरीमागे सुमारे ११ मिनिटांचा तोटा होतो. उन्हाळ्यात जेट प्रवाह मंदावून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा तफावत कमी होते.

उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि टोकियोच्या गजबजलेल्या आकाशात रांगेत थांबण्यात जातो. वेळापत्रकातला कालावधी विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो.

तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. रात्री ८ला दिल्ली सोडून सकाळी ७:१५ला टोकियो म्हणजे सव्वाअकरा तास नव्हेत. त्यातून साडेतीन वजा करा, ७ तास ४५ मिनिटे उरतील. परतीच्या तिकिटावर सकाळी ११ला निघून संध्याकाळी ५ला पोहोचणे दिसते. तिथे सहा तासांत साडेतीन मिळवायचे.