पंख वाळत घालणारा पाणकावळा

पावसाळ्यात सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर गेले याकडे असते. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. हिवाळ्यात मात्र पाणी उतरून संथ झालेले असते आणि घाटाच्या पायरीवर सकाळी तासभर बसले, तर दुर्बीण नसतानाही पुष्कळ काही दिसते.

सर्वांत आधी नजरेत भरतो तो पाणकावळा. याचा कावळ्याशी काही संबंध नाही. रंग काळा, एवढेच साम्य. पाण्यातून बाहेर आला की एखाद्या वठलेल्या फांदीवर तो दोन्ही पंख पसरून, वाळत घातलेल्या धोतरासारखा उभा राहतो. पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याला पंख वाळवावे का लागतात, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर शेजारी पोहणाऱ्या हळदीकुंकू बदकाकडे पाहिले की सापडते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेल्या या बदकाला मराठीत मिळालेले नाव मला फारच समर्पक वाटते. त्याची पिसे पाणी आत शिरू देत नाहीत आणि पिसांत अडकलेल्या हवेमुळे ते बुचासारखे तरंगते. त्याला बुडायचे नसतेच. शेपटी वर करून, डोके पाण्यात घालून ते उथळ भागात खाद्य टिपते. पाणकावळ्याला मात्र माशामागे खोल जायचे असते आणि तिथे हीच हवा त्याला वर ढकलणार. म्हणून त्याच्या पिसांची रचनाच अशी असते, की त्यांची बाहेरची कड सहज भिजते आणि अंगालगतचा भाग कोरडा राहतो. त्यामुळे तरंगण्याची ओढ कमी होते आणि तरीही अंगाची ऊब टिकते. त्याचा नातलग तिरंदाज तर इतका भिजतो, की पोहताना फक्त सापासारखी मान पाण्यावर दिसते.

या सोयीची किंमत फांदीवर चुकवावी लागते. श्रीलंकेत लहान पाणकावळ्यांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पक्षी जितका अधिक वेळ पाण्याखाली राहिला, तितका अधिक वेळ तो पंख पसरून बसला, आणि हवा उष्ण व कोरडी असेल तर हा वेळ कमी झाला. कृष्णेवर धुके असलेल्या सकाळी फांदीवरचा पाणकावळा लवकर हलत नाही, तो त्यामुळेच.