कुत्र्याला लिम्फोमा झाला तर: स्टेरॉइडची पहिली गोळी देण्याआधी काय ठरवायचं

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. कुत्र्यांमध्ये तो बराच आढळतो. त्याचा नेहमीचा प्रकार शरीरभरच्या लसिका ग्रंथींमध्ये एकाच वेळी दिसतो: जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, काखेत, जांघेत आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे घट्ट गाठी हाताला लागतात. त्या दुखत नाहीत, बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या असतात आणि कुत्रा पुष्कळदा नेहमीसारखा खात-खेळत असतो. अशा वेळी ‘सूज असेल, पाच दिवस गोळ्या देऊन बघू’ म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं. गाठी दोन-तीन दिवसांत लहान होतात, घरात सगळ्यांना हायसं वाटतं.

नुकसान होतं ते इथेच. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात खऱ्या, पण ज्या उरतात त्यांच्यात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप वाढू शकतो. आत शिरलेलं औषध हा पंप पेशीबाहेर फेकतो, आणि तो एकाच औषधापुरता नसतो. व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन ही पुढच्या उपचारांतली दोन मुख्य औषधंही त्याच वाटेने बाहेर जातात. शिवाय स्टेरॉइडनंतर घेतलेल्या नमुन्यात निदान धूसर होतं. म्हणून आधी सुईने तपासणी, मग निर्णय आणि मगच गोळी, हा क्रम आग्रहाने सांगावासा वाटतो. प्राण घुसमटत असेल, श्वास घेता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये.

सुईची तपासणी अगदी साधी आहे. २२ गेजची सुई गाठीत घालून थोडी पुढेमागे केली की पेशी सुईत येतात. सिरिंजने जोरात ओढायची गरज नसते. भूल लागत नाही. नमुना शक्यतो गुडघ्यामागच्या किंवा खांद्यापुढच्या गाठीतून घ्यावा. जबड्याखालची गाठ दात आणि हिरड्यांच्या साध्या संसर्गानेही सुजलेली असते, त्यामुळे ती फसवते. खूप मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असू शकतो, तिथून फक्त मळी येते. काचपट्टीवर नमुना हलक्या हाताने पसरावा लागतो, कारण या पेशी नाजूक असतात आणि दाब पडला की फुटतात. काचपट्ट्या फॉर्मेलिनच्या (गाठीचे तुकडे टिकवण्याच्या द्रावणाच्या) बाटलीसोबत एकाच पिशवीतून प्रयोगशाळेत पाठवू नयेत. फॉर्मेलिनच्या वाफेने पेशींवर रंग नीट चढत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

आपल्याकडे आणखी एक फसवी गोष्ट आहे: गोचीड ताप. गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकिया जिवाणूमुळेही ग्रंथी सुजतात, प्लीहा वाढते, वजन उतरतं आणि प्लेटलेट घटतात. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात आणि कुत्रा बरा होऊ शकतो. लिम्फोमा आणि गोचीड ताप एकाच कुत्र्यात असणंही अशक्य नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आणखी खाली जाणार असतात, म्हणून ही तपासणी आधीच करून घ्यावी.

गाठीचं नाव कळणं किती महत्त्वाचं, हे एकाच औषधावरून दिसतं. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर, कधी नाकात, फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते. समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून जिवंत कर्करोगपेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. निरोगी कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत ५७ ते ५९. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, आशियातल्या एका कुत्र्यात ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी सुरू झालेला हा एकच कर्करोग आजवर जगभर फिरतो आहे. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन इंजेक्शन, अशी साधारण ४ ते ६ दिली की यातले बहुतेक कुत्रे कायमचे बरे होतात. तेच व्हिन्क्रिस्टिन लिम्फोमात रोग दबवतं, पण क्वचितच संपवतं. ‘कॅन्सर आहे, केमो करायची का?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं.

लिम्फोमा ठरला की दोन गोष्टी विचारायच्या: लिम्फोसाइटच्या बी आणि टी या दोन प्रकारांपैकी कुठल्या पेशींचा, आणि किती पसरला. बी-पेशींचा असेल तर औषधांना प्रतिसाद सहसा चांगला आणि जास्त काळ टिकणारा. टी-पेशींचा वेगाने वाढणारा प्रकार असेल तर काळ कमी. टी-पेशींच्या प्रकारात रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचा धोका जास्त असतो. कुत्रा अचानक खूप पाणी पिऊ लागला, सारखी लघवी करू लागला, तर कॅल्शियम त्याच दिवशी तपासावं, कारण त्याने मूत्रपिंडं खराब होतात. काही लिम्फोमा मात्र अगदी संथ असतात. त्यांतले काही कुत्रे फारशा उपचारांशिवाय दोन-दोन वर्षं आणि त्याहून जास्तही जगतात, आणि तिथे घाईने जोरदार केमो सुरू करणं हाच चुकीचा निर्णय ठरतो. संथ प्रकार ओळखायला सुई बहुधा पुरत नाही. गाठीचा तुकडा किंवा अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते.

पसरण्याच्या पाच पायऱ्या मोजतात. एक ग्रंथी ही पहिली, यकृत किंवा प्लीहा ही चौथी, रक्त, अस्थिमज्जा किंवा इतर अवयव ही पाचवी. चौथी पायरी ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, पण पहिल्या चार पायऱ्यांत निकालाचा फरक फार मोठा नसतो. त्याहून मोलाची खूण म्हणजे निदानाच्या वेळी कुत्रा आजारी दिसतो की नाही. खातापिता, चालताफिरता कुत्रा औषधं जास्त चांगली सोसतो.

आता पर्याय. काहीच केलं नाही तर वेगाने वाढणाऱ्या प्रकारात हातात साधारण ४ ते ६ आठवडे असतात. फक्त प्रेडनिसोलोन दिलं तर एक ते दोन महिने. या काळात भूक सुधारते, गाठी उतरतात. बदल्यात तहान, लघवी, धाप आणि हावरटपणा वाढतो, पायांचे स्नायू उतरतात. ही गोळी चालू असताना मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक देऊ नये, जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. गोळी एकदम बंदही करायची नसते. आणखी उपचार करायचे नाहीत असं विचारपूर्वक ठरलं असेल, तर हा पर्याय प्रामाणिक आणि दयाळू आहे. त्याला हार मानणं म्हणू नये.

दुसरं टोक म्हणजे चार औषधांचा कार्यक्रम, ज्याला डॉक्टर ‘चॉप’ म्हणतात: व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन. पहिली तीन आळीपाळीने, साधारण १९ ते २५ आठवडे. बी-पेशींच्या लिम्फोमात दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी नाहीशा होतात, निम्मे कुत्रे सुमारे एक वर्ष किंवा जास्त जगतात, आणि चार-पाचांतला एक कुत्रा दोन वर्षं गाठतो. मधला मार्ग फक्त डॉक्सोरुबिसिनचा आहे: तीन आठवड्यांनी एक, असे पाच डोस. बी-पेशींच्या प्रकारात याने साधारण सहा ते आठ महिने मिळतात. दवाखाना लांब असेल, दर आठवड्याला गाडीतून नेणं जमणार नसेल, तर पाच फेऱ्यांचा हा पर्याय आम्हाला बऱ्याच घरांसाठी जास्त शहाणपणाचा वाटतो. अर्धवट सोडलेल्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा पूर्ण केलेला छोटा कार्यक्रम बरा.

डोस बहुतेक वेळा किलोवर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. २५ किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग ०.८६ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे त्याला सुमारे २६ मिलिग्रॅम. १५ किलोंखालच्या कुत्र्यांना या हिशेबाने जास्त औषध जातं, म्हणून त्यांना किलोला १ मिलिग्रॅम. सायक्लोफॉस्फामाइड चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम धरलं तर २१५ येतात. पण गोळी फोडायची नाही, कुटायची नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, हातमोजे घालून.

प्रत्येक औषधाची खोडी वेगळी असते. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर आसपासचं मांस सडतं, कधी पाय गमवावा लागतो. त्यासाठी सलाइनची नळी पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ बसलेली हवी, औषध १५ ते २० मिनिटांत सावकाश जायला हवं आणि तेवढा वेळ कुत्र्याजवळ माणूस हवा. तेच औषध हृदयाच्या स्नायूवर साठत जाणारा परिणाम करतं, म्हणून आयुष्यभराचा एकूण डोस चौरस मीटरला साधारण १८० ते २४० मिलिग्रॅमवर थांबवतात. डॉबरमन आणि बॉक्सरसारख्या जातींत आधी हृदयाची सोनोग्राफी करावी. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाच्या अस्तराला जखम होऊन लघवीतून रक्त येतं. गोळी सकाळी द्यावी, पाणी भरपूर ठेवावं आणि दिवसभर वारंवार बाहेर न्यावं. कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातींत एका जनुकातल्या बदलामुळे व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन जास्त बाधतात. त्यांची जनुक चाचणी आधी होणं गरजेचं.

घरी खरी काळजी घ्यायची ती डोसनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत. तेव्हा संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी सर्वांत कमी असतात. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. गुदद्वारात घालायचा डिजिटल थर्मामीटर आणून ठेवावा. १०३.५ च्या वर गेलं आणि कुत्रा मलूल असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना. या दिवसांत कच्चं मांस, कच्ची अंडी नकोत. उलटीवर मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन आधीच लिहून घ्यावं. आपल्या डब्यातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कधीही देऊ नये. डोसनंतर ३ दिवस लघवी-विष्ठा हातमोज्यांनीच साफ करावी, जागा भरपूर पाण्याने धुवावी. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या लघवी-विष्ठेला हात लावू नये. केसांची भीती बहुधा निराधार असते. पूडल, शिह त्झूसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती सोडल्या तर फारसे गळत नाहीत, मिशा मात्र जातात.

खर्च विचारताना एका इंजेक्शनचा भाव विचारून उपयोग नाही. प्रत्येक फेरीची रक्ततपासणी, नळी, उलटीची औषधं आणि मध्ये एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं तर त्याचे पैसे, असा पूर्ण कार्यक्रमाचा आकडा लिहून मागावा. तज्ज्ञांकडे पाठवण्याची चौकशी मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरू करता येते.

केमो संपल्यावर दर आठवड्याला त्याच पाच जागांच्या ग्रंथी चाचपायच्या. बहुतेक कुत्र्यांत लिम्फोमा परततो. कार्यक्रम संपून काही महिने गेले असतील तर तीच औषधं पुन्हा चालू शकतात. उपचार चालू असतानाच गाठी आल्या तर लोमुस्टिनसारखं दुसरं औषध लागतं, आणि त्यात दर वेळी यकृताची तपासणी. दुसऱ्या वेळी मिळणारा काळ सहसा पहिल्याच्या निम्मा असतो.

कुठे थांबायचं, याचा विचार पहिल्या डोसआधी करून ठेवावा. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी इथे उपयोगी पडते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरतात. घरातल्या दोघांनी वेगवेगळे, एकमेकांचे न बघता गुण द्यावेत आणि कॅलेंडरवर लिहावेत, म्हणजे हळूहळू होणारी घसरण नजरेतून सुटत नाही. कुत्र्याला कायमचं झोपवण्याची वेळ आली तर आधी गुंगीचं इंजेक्शन आणि मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, ही पद्धत डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावी. डॉक्टर घरी येतील का, रात्री कोण उपलब्ध असेल आणि नंतर दहन किंवा दफन कुठे, हेही त्याच बोलण्यात विचारून घ्यावं.