एका छायाचित्रातील दोन प्रकाश : फ्लॅश आणि कॅमेऱ्याचे मोड

अंधूक उजेडाच्या लग्नमंडपात कॅमेरा ‘पी’ मोडवर (शटरची गती आणि भिंगाचे छिद्र दोन्ही कॅमेराच ठरवतो) ठेवून फ्लॅशसह छायाचित्र काढले, की वधूवरांचे चेहरे उजळ येतात, पण मागची रोषणाई काळोखात बुडून जाते. अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत तोच मोड बदलून ‘एव्ही’ (छिद्र आपण ठरवतो, शटरची गती कॅमेरा) केला, तर रोषणाई दिसू लागते, मात्र माणसांच्या कडा पुसट होतात. दोष बहुधा फ्लॅशला दिला जातो; बदललेली असते ती शटरची गती, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश पडू देण्याचा अवधी.

फ्लॅशचा लखलखाट साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. त्यामुळे शटर 1/60 सेकंद उघडे राहिले काय किंवा 1/8 सेकंद राहिले काय, संवेदकावर पडणारा फ्लॅशचा प्रकाश तेवढाच असतो. त्याचे प्रमाण ठरते ते अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र), आयएसओ (संवेदकाची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता), फ्लॅशची शक्ती आणि अंतर यांवरून. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. म्हणून फ्लॅशपासून 2 मीटरवरचा चेहरा नीट उजळतो, तेव्हा 8 मीटरवरच्या पडद्याला त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळतो. तो पडदा दिसायचा असेल, तर मंडपातल्या दिव्यांचाच उजेड साठवावा लागतो आणि त्यासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते.

‘पी’ मोडमध्ये कॅमेरा सहसा 1/60 सेकंदापेक्षा मंद गती निवडत नाही, कारण हात हलण्याचा धोका त्याने गृहीत धरलेला असतो. ‘एव्ही’मध्ये कॅननचे अनेक डीएसएलआर मात्र मंडपाचा उजेड मोजून 1/8 सेकंदही निवडतात. निकॉनच्या ‘ए’ मोडमध्ये (तिथला ‘एव्ही’च) असे घडावे, यासाठी बहुधा ‘स्लो सिंक’ (फ्लॅशसोबत मंद शटर) निवडावे लागते. शटर प्रायॉरिटीमध्ये (शटरची गती आपण ठरवतो, छिद्र कॅमेरा) अ‍ॅपर्चर पूर्ण उघडूनही कॅमेरा प्रकाश अपुरा असल्याचा इशारा देतो. तो परिसराच्या उजेडापुरता असतो आणि फ्लॅशच्या टप्प्यातले चेहरे तरीही व्यवस्थित येतात.

भर उन्हात अडचण नेमकी उलटी होते. आयएसओ 100 आणि एफ/2.8 (मोठे छिद्र) ठेवल्यास सुमारे 1/3200 सेकंदाची गती हवी असते, पण फ्लॅश जोडला की बहुतेक कॅमेरे 1/200 किंवा 1/250 च्या पुढे जात नाहीत. याहून वेगवान गतीत शटरचा दुसरा, झाकणारा पडदा पहिल्या, उघडणाऱ्या पडद्याच्या पाठोपाठ निघतो, पूर्ण संवेदक एका क्षणी उघडा नसतो आणि छायाचित्रात काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश अतिजलद स्पंदने देत राहून ही मर्यादा ओलांडतो, परंतु त्याचा पल्ला बराच घटतो. एफ/11 वर आणणे (छिद्र लहान करणे) हा माझ्या मते सोपा उपाय आहे, पार्श्वभूमी धूसर ठेवण्याचा हट्ट नसेल तर.

मॅन्युअल मोडचे नाव ऐकून अनेक जण बिचकतात, पण फ्लॅशसाठी तोच सर्वांत सुलभ आहे. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ आपण ठरवले, तरी टीटीएल पद्धतीचा फ्लॅश स्वयंचलितच राहतो : मुख्य लखलखाटापूर्वी तो क्षीण प्रकाश सोडतो, परतलेला प्रकाश कॅमेरा भिंगातून मोजतो आणि त्यावरून फ्लॅशची मात्रा ठरते. समोर पांढरेशुभ्र कपडे असतील तर ही मोजणी फसते आणि चित्र काळपट येते; तेव्हा फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची मात्रा स्वतः कमी-जास्त करण्याची सोय) थोडे वाढवावे, शटरला हात लावू नये.